हौदात उतरताना जोडवी काढायची

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण रचून सांगतोय असं म्हणू नका. बनाबाई माझ्या आईची सख्खी मावशी. तिनं हे आईला सांगितलं, आणि शेवटचं जे आहे ते आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

भुताची गोष्ट म्हणजे अमावस्येची रात्र, असं धरून बसला असाल तर तसं काही नाही.

हे घडलं भर दुपारी. लख्ख उन्हात.

साल १९५७. चैत्र महिना. बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या कडेला मानसिंगरावांचा मळा होता. ऊस, केळी, मोसंबी, कशाला कमी नाही. मानसिंगराव हौशी माणूस. मुंबईला गेले, तिथं पोहायचा हौद पाहिला आणि आपल्या मळ्यातही तसाच पाहिजे म्हणून हटून बसले. मळ्यात एक जुनी विहीर होती. कालव्याचं पाणी आल्यापासून तिला कुणी विचारत नव्हतं. ती बुजवली आणि तिथंच हौद बांधला.

पण काळी जमीन ती. उन्हाळ्यात भेगाळणार, पावसाळ्यात फुगणार. सिमेंट तडकलं, पाणी पळालं. पुन्हा गिलावा केला, पुन्हा तडकला. शेवटी मालकांनी मुंबईच्या कुठल्याशा लिलावातून जाड, निळसर कापड आणलं. रबराचं की प्लॅस्टिकचं, देव जाणे. गावानं त्याला मेणकापड नाव दिलं. हौदाच्या तळाला चाळलेली वाळू अंथरली, वर ते कापड ताणून बसवलं आणि पाणी सोडलं.

"विहिरीला परकर नेसवला," म्हणून लोक हसले.

हा परकर सांभाळायचं काम बनाबाईकडे होतं.

रोज सकाळी बांबूला बांधलेल्या जाळीनं पालापाचोळा काढायचा. पाण्यात तुरटी फिरवायची. दुपारी ऊन डोक्यावर आलं, की तळ स्वच्छ दिसतो, तेव्हा आत उतरून शेवाळ पुसायचं. तेही मऊ फडक्यानं. काथ्या नाही, राख नाही. कुठं चीर दिसली तर सायकलचं पंक्चर काढतात तसं ठिगळ लावायचं. आणि हौद कधीही पूर्ण रिकामा करायचा नाही. कापड एकदा आकसलं की पुन्हा बसत नाही.

आणखी एक नियम होता.

हौदात उतरताना जोडवी काढायची. कापडाला लागतात.

आता तुम्हीच सांगा, सवाशीण बाई जोडवी काढते का कधी? बनाबाई रोज काढायची. काठावर एक पत्र्याची डबी होती, तिच्यात ठेवायची. काम झालं की आधी जोडवी, मग चपला.

बाया टोमणे मारायच्या. "रोज उतरून ठेवतीस, मग नवरा कसा टिकंल?"

कारण नवरा टिकला नव्हताच. गेणू त्याचं नाव. विहीर बुजवायच्या कामावर होता. एका संध्याकाळी तो घरी आला नाही, बस. मुंबईच्या गिरणीत जायचं, असं तो उठता-बसता बोलायचा, म्हणून सगळ्यांनी धरलं की गेला मुंबईला. कुणी म्हणालं, ऊसतोडीच्या टोळीतली बाई घेऊन पळाला. पत्र नाही, निरोप नाही.

बनाबाई आधी वाट पाहायची. मग रडायची. मग तेही थांबलं. कुणी काही बोललं तरी मनाला लागेना. जेवताना मीठ कमी की जास्त कळेना. सकाळी कुंकू लावायची तेव्हा मनात येई, हे कुणाच्या नावानं? तो असला तर मी सवाशीण. नसला तर मी रोज देवाशी खोटं बोलते.

एवढंच तिला कळायला हवं होतं. बाकी काही नको.

त्या चैत्रात पहिल्यांदा काय झालं, तर बेडकं गेली.

हौदाच्या कडेला सदा डराव डराव चालायचं. एक दिवस काहीच नाही. मोसंबीवरची पाखरंही पाण्यावर येईनाशी झाली. बनाबाईच्या ते बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

मग एका दुपारी ती आत उतरून पुसत होती, आणि...

थप्.

पाण्यातला आवाज नव्हता. कापडाच्या खालून आला होता.

थप्... थप्...

अनवाणी माणसानं ओल्या वाळूवर चालावं तसा. खोल भागातून तिच्याकडे यायचा आणि थांबायचा.

तिनं मुकादमाला सांगितलं. संभाजी मुकादम चांगला माणूस, पण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार.

"कालव्याचं पाणी मुरतंय, बने. खालनं पाणी आलं की कापड उचालतं. त्याचाच आवाज. घाबरायचं न्हाय."

"कालवा तर कोरडा हाय, तात्या. पाण्याची पाळी कवाच बंद झालीया."

संभाजी तंबाखू मळत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिला फुगवटा दिसला. तळाशी कापड थोडं वर आलेलं. हवा अडकली असेल म्हणून ती पायानं दाबायला गेली. हवा असती तर सरकली असती.

हे सरकलं नाही.

कापडाच्या पलीकडून... तिच्या तळव्याला तळवा लागला.

टाचेला टाच. बोटांना बोटं.

दुसरी कुणी असती तर किंचाळत पळाली असती. बनाबाई तशीच उभी राहिली. आईला सांगताना ती म्हणाली होती, "भ्या न्हाय वाटलं गं. कायच वाटलं न्हाय. नुसतं गार लागलं." मग तो तळवा खाली गेला, कापड सपाट झालं. तिनं उरलेलं शेवाळ पुसलं आणि ती वर आली.

डबी उघडली. आतली जोडवी ओली होती.

डबी उन्हात तापलेली. झाकण घट्ट. आणि जोडव्यांना बारीक वाळू चिकटलेली...

तिनं ती पदराला पुसली आणि बोटांत घातली. तिच्या एका जोडव्याला चीर होती, म्हणून गेणूनं त्याला तांब्याची तार गुंडाळली होती. लग्नानंतर बारामतीच्या बाजारात, सोनाराच्या दुकानात, सगळ्यांदेखत खाली बसून गेणूनं स्वतः ही जोडवी तिच्या बोटांत घातली होती. लोक हसले होते. बाईलवेडा म्हणाले होते.

त्यानंतरच्या दुपारी डबी रिकामी होती.

बनाबाईनं काठ पाहिला. चपलेखाली पाहिलं. गवत चाचपलं. मग तिची नजर पाण्यात गेली.

ऊन थेट तळापर्यंत पोचलं होतं. उतारावर, छातीएवढ्या पाण्यात, मेणकापडावर काही उठलेलं दिसत होतं. लहान, गोल. शेजारी शेजारी.

ती उतरली. पायाच्या बोटानं चाचपलं.

कडी लागली. मग दुसरी. एकीवर तार लागली, गुंडाळलेली.

जोडवी कापडाच्या खाली होती.

तिनं संभाजीला हाक मारली. तो धोतर खोचून उतरला, हातानं सगळं चाचपून आला. कापडाला कुठं चीर नाही, ठिगळ उसवलेलं नाही, कडा जशीच्या तशी बसलेली. तो वर येऊन काठावर बसला. तंबाखूची पिशवी काढली आणि तशीच हातात धरून ठेवली.

मग त्यानं विचारलं, "बने... गेणू दुपारचा कुठं पडायचा गं, कामावर असताना?"

"विहिरीत," बनाबाई म्हणाली. "अर्धी बुजवली हुती न्हवं. आत सावली असायची. गार लागतं म्हणायचे. भाकरी खाल्ली की तितंच आडवं व्हायचे."

संभाजीनं पिशवी खाली ठेवली.

"आमाला कुणालाच ठावं नव्हतं," तो म्हणाला. "त्या दिशी मालक घाई करीत हुते. दुपारची सुट्टी संपायच्या आधीच आमी काठावरचा ढीग आत लोटला. वाकून बगितलंच न्हाय, बने. रिकामी विहीर... तिच्यात काय बगायचं?"

मोसंबीचं एक पान पाण्यावर पडलं. बनाबाईनं सवयीनं जाळी उचलली आणि ते काढून टाकलं.

मग ती मालकांकडे गेली. हौद रिकामा करा, खाली खणा, एवढंच म्हणाली. मानसिंगरावांनी ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अगं, पाणी काढलं की कापड वाया जातं. तुलाच म्हाईत हाय की. आन पुढच्या आठवड्यात पुण्याचे पाव्हणे यायचेत. जोडवी हरवली तर नवी घेऊन देतो."

बनाबाई हौदावर परत आली. काठाच्या दगडावर दोन्ही हात आपटले. बांगड्यांचे तुकडे पाण्यात पडू नयेत, कापडाला लागतात, म्हणून तिनं ते वेचून पदरात घेतले. हेही तिनं आईला तसंच सांगितलं होतं, सपाट आवाजात.

घरी सासूनं तिचे मोकळे हात पाहिले. कुशाबाईंचा एकुलता एक लेक तो. त्या रोज संध्याकाळी मुंबईची गाडी पाहून यायच्या.

"मुंबईहून तार आली?"

"न्हाय."

"मग कुणी सांगितलं?"

"त्यांनीच."

कुशाबाईंनी खाडकन मुस्काटात मारली. "जित्या लेकाला मारतीस व्हय गं माझ्या? तुज्या जिभेला हाड हाय का न्हाय?"

बनाबाई हलली नाही. मग म्हातारीनं तिच्या पायांकडे पाहिलं. रोज घातल्यामुळं बोटांवर पांढरे वळ पडले होते. कुशाबाई खाली बसल्या, त्या वळांवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "कुठं हाय त्यो?"

"हौदाखाली."

त्या दिवसापासून कुशाबाई गाडी पाहायला गेल्या नाहीत.

संभाजीनं काम सोडलं. पुढं दोन उन्हाळे गेले आणि मेणकापड उन्हानं कडक होऊन फाटलं. मालकांचीही हौस फिटली होती. कापड काढलं तेव्हा बनाबाई आणि कुशाबाई काठावर उभ्या होत्या. कुशाबाईंच्या हट्टापायी वाळू उपसली, खालचं सिमेंट फोडलं, जुन्या विहिरीचा भराव निम्म्यापर्यंत काढला. पुढं पाणी लागलं आणि गडी आत उतरायला तयार होईनात.

गेणू सापडला नाही. हाड नाही, धोतराची चिंधी नाही.

वाळूत जोडवीही नव्हती.

बनाबाईनं विधवेसारखेच दिवस काढले. लोक म्हणत, मनानंच रांडपण घेतलं, गेणू कुठंतरी सुखात असेल. ती ऐकून घ्यायची.

ती गेली ती पुष्कळ वर्षांनी, म्हातारी होऊन, झोपेतच. तीही दुपारचीच. निरोप मिळाला तशी माझी आई धावत गेली. आंघोळीचं पाणी चुलीवर तापत होतं, बायका बाहेर होत्या. आई एकटीच आत गेली आणि पाया पडायला तिनं पायांवरचं पांघरूण बाजूला केलं.

पाय ओले होते.

आंघोळ अजून घातलेली नव्हती...

तळव्यांना बारीक वाळू लागली होती. आणि बोटांत जोडवी होती. काळवंडलेली. एकाला तांब्याची तार.

आईनं बायकांना हाक मारली. सगळ्या दारातच थांबल्या. कुंकू लावायचं की नाही, यावर थोडी कुजबुज झाली. आईच शेवटी म्हणाली, "लावा. जोडवी हाईत, तर कुंकू बी लावा." मावशीला हिरवं लुगडं नेसवून सवाशिणीसारखी नेली.

आई हे सांगते तेव्हा इथवर शांत असते. मावशीचं गेलेलं परत मिळालं, याचं तिला बरं वाटतं. पण मग ती स्वतःच्या पायांकडे पाहते आणि दर वेळी एकच विचारते.

"मावशीच्या गुडघ्यात कळ यायची रे. दोन वर्षं तिला खाली वाकता येत न्हवतं. आन सकाळपासनं सगळ्यांनी दारातनंच बघितलं हुतं, त्या खोलीत पाय कुणी टाकलाच न्हवता. मग खाली बसून तिचा पाय हातात घेतला कुणी?"