इस्त्रीखालचं शब्दकोडं

किराणा दुकानासमोर खडूने काढलेल्या सातव्या वर्तुळात ती उभी होती आणि आठव्या वर्तुळातला माणूस तिच्या मुळावर उठला होता.

"चूक आहे," तो मास्कच्या आतून पुटपुटत होता. "साफ चूक आहे हे."

तिने मान वळवून पाहिलं. उंच अंगकाठी, कानावर पेन्सिल आणि हातात रविवारच्या अंकाचं घडी घातलेलं पान. पान तिच्याच कोड्यांचं होतं. साप्ताहिकात 'कोडेकाकू' या नावाने कोडी रचायची ती हीच. चष्मा लावलेल्या, पन्नाशीच्या, प्रेमळ बाई वाचकांच्या डोळ्यांपुढे याव्यात म्हणून संपादकांनी हे नाव ठेवलं होतं. प्रत्यक्षात काकू सव्वीस वर्षांच्या होत्या आणि प्रेमळपणाही मूड पाहून करायच्या. साथ सुरू झाल्यापासून त्यांची सगळी कोडी साथीचीच असत. कोण कितव्या दिवशी खोलीबाहेर आलं, कोणी कोणाला साबण दिला, असं सगळं.

"काय चूक आहे?" तिने शक्य तितक्या परकेपणाने विचारलं.

"हे बघा ना. रांगेत पाचजण. नर्स, शिंपी, बेकरीवाला, पोस्टमन, शिक्षिका. कोण कितव्या वर्तुळात ते शोधायचं. तर शिंपी आणि बेकरीवाला यांची अदलाबदल केली तरी सगळ्या अटी बसतात. म्हणजे उत्तरं दोन." त्याने हळहळून मान हलवली. "कोडेकाकूंचं वय झालं वाटतं."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण डोक्यात मात्र भराभर शिंपी पुढे सरकला, बेकरीवाला मागे गेला… आणि अटी खरंच सगळ्या बसल्या. जागा पुरेना म्हणून शेवटची एक अट तिने स्वतःच्या हाताने उडवली होती.

"काकूंचं वय सव्वीस आहे," ती म्हणाली. "आणि काकू तुमच्या पुढेच उभ्या आहेत."

मास्कमुळे त्याचे फक्त डोळे दिसत होते. ते आधी मोठे झाले, मग खाली गेले आणि मग — हे तिला अजिबात आवडलं नाही असं ती स्वतःला बराच वेळ सांगत राहिली — हसले.

सामान घेऊन दोघं निघाले ते एकाच दिशेला, एकाच गल्लीत आणि एकाच फाटकातून आत. तो तिच्या डोक्यावरच्याच मजल्यावर नवा राहायला आला होता. तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. दिवसभर लोकांच्या घशातले नमुने तपासायचे आणि घरी आला की कोणाच्या जवळ जायचं नाही, हा त्याचा नियम होता. तिच्या बाबांची फुप्फुसं नाजूक, म्हणून तिच्या घराचाही नियम तोच. त्यामुळे जिन्यात तो दहा पायऱ्या वर आणि ती दहा पायऱ्या खाली, असंच बोलणं व्हायचं.

दोन उत्तरांबद्दल संपादकांकडे चाळीस पत्रं आली. यापुढे प्रत्येक कोडं कोणाकडून तरी तपासून घ्या, असा त्यांचा फोन आला. ती जिन्यात आली आणि घसा खाकरून वर पाहत म्हणाली, "चुका शोधायची हौस आहे ना? मग कामाला लागा."

"हुकूम, काकू."

"काकू म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"ते नंतर सांगते," ती म्हणाली, म्हणून तो काकूच म्हणत राहिला.

तेव्हापासून त्याच्या बाल्कनीतून एक दोरी खाली येऊ लागली. दोरीला कपड्यांचा चिमटा आणि चिमट्यात कागद. खालून कोडं वर जायचं, वरून उत्तर खाली यायचं. समासात तो काहीबाही लिहायचा. 'पाचवी अट फालतू. सातवी मात्र छान, अगदी तुमच्यासारखी.' ती खाली लिहायची, 'अटींची स्तुती करून मार्क वाढत नाहीत.' त्यावर उलट उत्तर यायचं, 'मार्क नकोत, उद्याचं कोडं लवकर पाठवा. दिवस जात नाही.'

मधे एक अडचण होती. बाबा. निवृत्त ग्रंथपाल, आणि साथ आल्यापासून घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाला कडक इस्त्री केल्याशिवाय हात लावू न देणारे. वर्तमानपत्र, बिलं, औषधाची चिठ्ठी, सगळं इस्त्रीखालून जायचं. वरून येणारा कागदही आधी त्यांच्याच हातात पडे. ते काही बोलत नसत. फक्त इस्त्री फिरवताना अधूनमधून गालात हसत, आणि तिचे कान तापत.

एक गोष्ट तिला लवकरच कळली. तर्काच्या कोड्यात तो वाघ होता, पण शब्दकोड्यात अगदी ढ. 'नाकावर बसते, पण माशी नव्हे' यावर त्याने 'राग' लिहिलं होतं. चौकोन चार होते आणि उत्तर होतं 'मुखपट्टी'. तिने ते महिनाभर चिडवायला पुरवलं.

…आणि मग एका बुधवारी तो जिन्यात नेहमीसारखा हसला नाही.

"दुसऱ्या गावात नवी प्रयोगशाळा उभी करायचीय," तो म्हणाला. "तीन वर्षांचं काम. मला बोलावलंय. हो की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचंय."

"अरे वा," ती म्हणाली. "मग… जाणार?"

"इथलं कामही आहेच की. जावं असं कारण आहे. राहावं असं कारण… तुम्हाला काय वाटतं?"

हाच क्षण होता. पण हिचं आयुष्य उत्तरं लपवण्यात गेलेलं! सरळ वाक्य तिच्या जिभेवर आलं की त्याची आपोआप सूचक खूण व्हायची. "विचार करून कळवते," असं म्हणून ती घरात पळाली.

गुरुवारी तिने दिवसभर खपून एक शब्दकोडं रचलं. उभे शब्द सगळे साथीचे: विलगीकरण, सॅनिटायझर, खोकला. आडवे शब्द मात्र वरून खाली क्रमाने वाचले की वाक्य व्हायचं: तुम्ही, गेलात, तर, मला, करमणार, नाही. सूचनाही सोप्या ठेवल्या. 'चौदा दिवस खोलीत एकट्याला कसं ____?' 'बाहेर फिरून येऊ का, याचं सध्याचं उत्तर.' चिमट्यात कागद लावून तिने दोरीला हिसका दिला.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कागद खाली आला आणि नेहमीप्रमाणे बाबांच्या हाती लागला. ती दारातूनच डोकावली. चौकोनांत दोनच शब्द भरलेले होते, तेही उभे. खाली त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: 'माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, माफ करा. आज मन लागत नाही. उत्तर नंतर कळवाल?'

नंतर. तीन वर्षांनी, बहुधा. ती खुर्चीत मटकन बसली. त्याला कळलंच नव्हतं, आणि रडू मात्र तिला येत होतं.

बाबांना रिकामे चौकोन दिसले की राहवत नसे. एका हाताने इस्त्री बाजूला सारून दुसऱ्याने ते पेन चालवू लागले. 'करमणार' झालं, 'नाही' झालं. मग त्यांनी आडवे शब्द वरून खाली वाचले आणि इस्त्री चुकून कागदावरच टेकवून तिच्याकडे पाहत राहिले.

"हे छापायला नाहीये ना?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"अगं, पोरगा शब्दकोड्यात ढ आहे हे या इस्त्रीलासुद्धा माहितीय. आणि तू नेमकं शब्दकोडंच दिलंस?"

"बाबा, जळतंय."

कागदाच्या मधोमध तपकिरी त्रिकोण उठला होता. तुम्ही, गेलात, तर… पुढचं सगळं धुरात गेलेलं. दाखवायलाही काही उरलं नव्हतं.

बाबांनी खिडकी उघडली, दोनदा खोकले आणि घड्याळाकडे बोट केलं. "पाऊण तास आहे. आता कागद नको. तोंड दिलंय देवाने, ते वापर."

तो जिन्यातच बसला होता. वरच्या पायरीवर, हातात फोन घेऊन. ती दहा पायऱ्या खाली थांबली.

"ते कोडं," ती म्हणाली.

"सुटलं नाही हो. खरंच प्रयत्न केला. तुम्हीच खूण द्या एखादी."

"खूण नाही देणार." तिने कठड्याला घट्ट धरलं. "सरळच सांगते. त्यात लिहिलं होतं, तुम्ही गेलात तर मला करमणार नाही. आणि चौकोन कमी पडले म्हणून लिहिलं नव्हतं ते असं, की… मला तुम्ही आवडता. दोरी हलली की मी हातातलं काम टाकून धावते. जाऊ नका."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि आपण तळमजल्यावर जाऊन पडावं. खालच्या दाराआडून बाबांचा दबका खोकला आला.

मग त्याने तिच्या डोळ्यांवरची नजर न हलवता फोन कानाला लावला.

"सर, मी बोलतोय. हो, विचार केला. नाही, मी येत नाही." पलीकडून बरंच काही बोललं गेलं. तो शांतपणे ऐकत राहिला. "नाही सर, कामाची तक्रार नाही. कारण?" त्याचे डोळे हसले. "कारण इथेच राहतं, सर. माझ्या एक मजला खाली."

ती होती तिथेच, पायरीवर बसली आणि मास्कवर दोन्ही हात दाबून खूप वेळ हसत राहिली.