उपाशी तवा

नम्रता त्या दिवशी देवरूखच्या बाजाराला गेली ती एका तव्याचं औषध विचारायला. ऐकून कुणाला हसू येईल, पण खरंच.

तवा बिडाचा, जुन्या ओतीव लोखंडाचा, तिच्या सासूने चाळीस वर्षं वापरलेला. दोन हजार एक सालच्या दिवाळीनंतर सासूबाई, गोदूबाई, गेल्या. सुतक फिटलं आणि रीतीप्रमाणे घरातली सगळी भांडी घासायला अंगणात निघाली. नम्रताच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. राख आणि विटेचा चुरा घेऊन तिने पितळ्या घासल्या, टोप घासले, आणि त्याच झपाट्यात तवाही. चाळीस वर्षं तेल पिऊन त्याच्यावर बसलेला काळा तुकतुकीत थर तासाभरात उतरला. राखाडी तवा उन्हात धरून पोरीला वाटलं, काय चकचकीत काम केलं!

दुसऱ्या सकाळी घावन टाकलं, ते तव्याने सोडलंच नाही. खरवडून काढावं लागलं.

तिचे सासरे भास्करमास्तर रोज सकाळी घावनंच खायचे, त्याच तव्यावरची. बायको गेल्यापासून त्यांचं अन्नावरचं लक्षच उडालं होतं. घावनांची तेवढी आशा होती, तीही नम्रताने स्वतःच्या हाताने घासून टाकली. मास्तर नुसत्या चहावर राहू लागले. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर माझी औषधं काय करणार? नवरा रितेश मुंबईला नोकरीत, तो फोनवर एवढंच म्हणायचा, बाबांना जप. नम्रताला रडू यायचं. एका माणसाचा घास आपण तोडला, हे तिच्या मनातून जाईना.

बाजारात गोणपाटावर तवे मांडून बसलेल्या मालनने सगळं ऐकून घेतलं.

"घासलास? अगो, मग तो आता उपाशी हाय. रोज तेल पाज, मंद आचेवर तापव. साबणाला शिवू नको. उपाशी बीड सगळां धरून ठेवतां."

त्या संध्याकाळपासून नम्रता तव्याला खोबरेल चोळू लागली. अर्ध्या कांद्याने ते पसरवायची, तवा तापवायची, पुन्हा तेल सोडून चुलीशेजारी ठेवायची. सकाळी बघावं तर तवा कोरडा. बीड तेल पितं, ती स्वतःला समजवायची. पण तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम तेलाचं थारोळं ठेवलं, तरी सकाळी बोटाला ओशटपणा लागला नाही. आणि स्वयंपाकघरात मिश्रीचा वास होता, भाजलेल्या तंबाखूचा. त्या घरात मिश्री लावणारी एकच बाई होती. तिचा डबा नम्रतानेच नदीत सोडला होता.

आठव्या सकाळी तवा पुन्हा काळा दिसू लागला. तिने पीठ ओतलं, झाकण ठेवलं, कडेने उलथणं घातलं. घावन फाटलं. ते बाहेर कुत्र्याला टाकायला ती निघाली, तोच पडवीतून मास्तरांचा आवाज आला.

"पहिलं कोणाला देतेस गो?"

"मोडलं, मामंजी... टाकते."

"टाकू नको. पहिलं मोडतंच. ती ते चुलीपाशी उभ्याने खायची. मोडकं माझं, म्हणायची. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे."

नम्रताने केळीच्या पानाचा तुकडा घेतला आणि मोडकं घावन त्यावर ठेवून तो चुलीच्या कडेला सरकवला. दुसरं टाकलं. जाळी पडली, कड सुटली, घावन अलगद उलथण्यावर आलं. तेव्हाच तिच्या पाठीमागे कुणीतरी सावकाश चावत होतं... दात नसलेल्या तोंडाने, हिरड्यांनी...

ती वळली नाही. भीत भीत, तव्यावरच नजर ठेवून तिने पुढचं टाकलं. मास्तरांनी त्या दिवशी चार घावनं खाल्ली. चुलीच्या कडेचं पान रिकामं झालं होतं, आणि त्याच्या कडेला मिश्रीने माखलेल्या अंगठ्याचा काळा ठसा होता.

मग रोजच पहिलं पानावर जाऊ लागलं. माणूस जेवतोय, या एका गोष्टीपुढे बाकीचं तिने मनात मागे सारलं. भीती गेली नाही, पण सवय झाली. कधी ती हळूच सासूला म्हणायची, आत्याबाई, आज मीठ कमी पडलं हां. दोन महिन्यांत मास्तरांची कॉलर मानेला बसली.

माघातल्या एका सकाळी पहिलं मोडलं, ते तिने पानावर ठेवलं. दुसरं टाकलं.

तेही मोडलं.

आच बरोबर होती, तेल बरोबर होतं. ती उलथणं धरून उभी राहिली. पडवीतला झोपाळा करकरला आणि थांबला. जन्मात कधी चुलीपाशी न आलेले मास्तर दारात उभे होते, चेहरा अगदी शांत.

"दुसरं माझं," ते म्हणाले. "आज मी इथेच खातो."

"मामंजी, बसा ना तिकडे... मी चांगलं देते."

"नको गो. खूप केलंस तू."

त्यांनी मोडकं घावन हातावर घेतलं आणि उभ्यानेच खाऊ लागले. खाता खाता भिंतीकडे थोडे सरकले, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तसे. नम्रताला त्यांचा हात धरावासा वाटला, त्यांना ओढून बाहेर न्यावंसं वाटलं. पण तवा तापला होता, आणि तिच्या नकळत तिच्या हाताने तिसरं घावन ओतलं होतं.

तिने झाकण उचललं. जाळी छान पडली होती. तिने कडेखाली उलथणं घातलं.

कड सुटत नव्हती.