निर्मळनगरची हवा

चिखलदऱ्याच्या पठारावर निर्मळनगरचा काचेचा घुमट उभा होता, आणि त्याच्या प्रयोगशाळेत डॉ. मृण्मयी गावंडे रहिवाशांच्या रक्ततपासणीचा निकाल पुन्हा पुन्हा वाचत होती. जणू वाचून वाचून तो बदलणार होता.

घुमट तिनेच उभारला होता. एका हिवाळ्यात आरएसव्ही नावाच्या विषाणूनं तिचे वडील नेले, त्यानंतर. घरातल्या लेकराला नुसता शेंबूड आला होता. वडिलांच्या छातीत मात्र तो असा उतरला, की माणूस श्वासासाठी झगडत झगडत गेला. तेव्हा तिनं ठरवलं, म्हातारी माणसं गाळलेल्या हवेत राहतील, लेकरं काचेपलीकडे. अकरा वर्षं इथं कुणी खोकलं नाही. पण आता हवा गाळणारे पडदे विरत आले होते, नवे कुठंच मिळत नव्हते. आज संध्याकाळी दारं उघडायची होती.

"लस तर सगळ्यांना दिली ना?" तिनं विचारलं.

"दिली," रोगप्रतिकारतज्ज्ञ डॉ. काझी म्हणाले. "पण मॅडम, या वयात शरीर नवं शिकत नाही. रक्तात जुन्या ओळखीच्या स्मृतिपेशी असतात, लस त्यांना हाक मारते. आणि ती ओळख ताजी राहते विषाणू अधूनमधून भेटला तर. नातू मांडीवर शिंकतो, आजीच्या रक्ताची उजळणी होते. आपण अकरा वर्षं उजळणीच होऊ दिली नाही. हाक मारली, पण ओ द्यायला आत कुणी उरलेलं नाही."

"मास्क बांधू. वेगळ्या खोलीत ठेवू."

"किती दिवस? जेवताना, झोपताना? बाहेरची पहिली शिंक बहुतेकांना न्यायला पुरेल."

"बहुतेकांना?"

"एकीची ओळख ताजी आहे. अंजनाबाई ढोके."

मृण्मयी धावतच गेली. अंजनाबाई पलंगावर बसल्या होत्या आणि मृण्मयीची आई, सुगंधाबाई, घरी जायचं म्हणून त्यांची वेणी घालत होती.

"अंजनाबाई, खरं सांगा. बाहेरचं काय आत आणलंत?"

"आता गं माय! जायच्या दिवशी झडती घेते का, डॉक्टरीणबाई?" अंजनाबाई हसल्या. "सून पाठवे. नातवंडाचं टोपडं, लाळेनं भरलेलं, न धुतलेलं. तुहा तो जंतू मारणारा उजेड वरवर फिरते, घडीच्या आत थोडाच जाते? म्या नाकाशी धरून झोपो. एक नातू मोठा झाला की दुसऱ्याचं. कधी शिंकही नाही आली बाप्पा."

"टोपडं," मृण्मयी पुटपुटली.

"हिलेही आलं होतं ना! तुह्याच पोरीनं पाठोलं, तिच्या इराचं. म्या म्हटलं, घे, हुंग. पण ही कसची ऐकते! चिमट्यानं धरून भट्टीत टाकलं. पुन्हा पाठवू नोको म्हणून निरोप धाडला, अन् मंग दोन दिस जेवली नाही."

मृण्मयीनं आईकडे पाहिलं. आईच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता.

"तू सांगतलं होतं ना बाई, बाहेरचं काही जवळ ठेवू नोको म्हणून. डॉक्टरची माय असून म्याच नेम मोडू काय?"

मृण्मयीला काही सांगायचं होतं. तेवढ्यात पंख्यांची अकरा वर्षांची घरघर थांबली. आत कोंदट व्हायला लागलं. दारं सरकली आणि डोंगराचा थंडगार वारा घुमटात शिरला. कुणी रडत होतं, कुणी नावं घेत हाका मारत होतं. तिनं आईच्या तोंडावर मास्क चढवला आणि हात धरून तिला बाहेर आणलं.

समोरून इरा पळत आली. तीन वर्षांची, लालबुंद नाकाची. पणजी तिनं काचेतूनच पाहिली होती, म्हणून दोन हात अंतरावर येऊन लाजून थबकली. मग तिनं हात पसरले आणि शिंकली.

सुगंधाबाईंचे हात वर आले, अर्ध्यावर थांबले. त्यांनी लेकीकडे वळून पाहिलं.

"घेऊ काय गं इले?"

मृण्मयीनं आईचा मास्क नाकावर आणखी घट्ट ओढला.

"सांग ना बाई," त्या म्हणाल्या. "तू म्हणशीन तसं."