भिंतीला दुखतंय का?

"भिंत खराब आहे," तो म्हणाला.

अवजारांच्या दुकानात काउंटरवर बसून तिला सहा वर्षं झाली होती. मशीन खराब म्हणणारे पुष्कळ भेटले. भिंतीवर आळ घेणारा हा पहिलाच. वर चेहरा इतका साळसूद, की भिंतीनंच माफी मागावी!

"करता काय आपण?"

"दातांचा डॉक्टर."

"म्हणजे भोकं पाडणं हाच धंदा."

"म्हणून तर... जास्त लाज वाटतेय."

काल भाड्यानं नेलेलं मशीन त्यानं पुढे ठेवलं. बुटकं, मुठीत मावणारं.

"हेच का उचललंत?"

"हाताला... ओळखीचं वाटलं."

तिनं हसू दाबलं आणि शेजारी आणखी दोन मांडली. "हे साधं ड्रिल. नुसतं फिरतं. लाकूड, पत्रा. हे हॅमर ड्रिल. फिरता फिरता पुढे ठोके मारतं, म्हणून काँक्रीट. आणि तुमचा हा इम्पॅक्ट ड्रायव्हर. स्क्रू अडला, की फिरण्याच्या दिशेनं दणके देतो. लांब स्क्रू पिळण्यात राजा. काँक्रीटला मात्र नुसत्या गुदगुल्या."

तो तिच्याकडेच बघत होता.

"मशीनकडे बघा, डॉक्टर."

"बघतोय... म्हणजे, ऐकतोय. सोमवारी दवाखाना उघडायचाय. अवजारांचं कपाट भिंतीवर लागलं नाही, तर बाबा मला परत त्यांच्या दवाखान्यात नेणार. त्यांच्या खुर्चीशेजारी कापूस धरून उभं करणार. सात वर्षं धरलाय."

तो हॅमर ड्रिलही घेऊन गेला. रविवारी सकाळी फोन आला, "भोक अर्धा इंचच गेलंय."

"मशीन बघून येते," ती आईला म्हणाली.

"मशीन बघायला कानातले?" आई वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाली.

दवाखान्यात तिनं त्याला काम करताना पाहिलं. तीन सेकंद दाब, थांबणं, टोक बाहेर काढून भोकात डोकावणं. पुन्हा तीन सेकंद.

"थांबता कशाला?"

"सवय. पेशंटला विचारतो ना, दुखतंय का..."

"भिंतीलाही विचारलंत?"

"मनातल्या मनात."

ती इतकी हसली, की तिला स्टुलाचा आधार घ्यावा लागला. मग तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "पाय रोवा. रेटा. ओरडणार नाही ती."

धूळ उडाली. भोक पडलं. एक, मग चारही. त्यात प्लास्टिकचे प्लग बसवले, कपाट धरलं, आणि तिनं ते बुटकं मशीन त्याच्या हाती दिलं. स्क्रू सरसर आत गेले. तिचा हात अजून त्याच्या मनगटावर होता. आता त्याची काहीच गरज नव्हती. दोघांनाही ते माहीत होतं.

सोमवारी त्याचे बाबा आले. ती हातात मशीन घेऊन दारात उभी होती; भाड्याचं परत न्यायला आले, असं तिचं म्हणणं. बाबांनी कपाटाला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. हललं नाही.

"मिस्त्री पक्का आहे. नंबर दे मला."

"नाही देणार."

"का?"

"लग्नाचं विचारायचंय तिला."

बाबांनी दारातल्या तिच्याकडे, मग तिच्या हातातल्या मशीनकडे पाहिलं. "मग विचार ना! समोर तर उभी आहे."

त्यानं तोंड उघडलं. शब्द... अर्धा इंच आला आणि थांबला.

"रेटा, डॉक्टर," ती म्हणाली.

"कराल... माझ्याशी लग्न?"

"करीन. भिंती माझ्याकडे, दात तुमच्याकडे."

बाबांनी कापसाचं पुडकं उचललं आणि बाह्या सरसावल्या. "चल, पहिला पेशंट आत घे. आज कापूस मी धरतो."