चित्राच्या डाव्या कडेला

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सत्तरीची बाई. गोष्टी रचून मला कुणाची शाबासकी नको आहे.

हे माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी घडलं. तिच्या नवऱ्याने, वर्नने, मला हे तीनदा सांगितलंय. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

अमेरिकेतलं टोलेडो शहर. २००६ सालचा जानेवारी. शनिवार होता. आणि रात्र नव्हे हं... चांगली भरदुपार. बाहेर गुडघाभर बर्फ आणि वर लख्ख ऊन.

माझी बहीण डार्ला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मागे राहिले वर्न आणि त्यांची सहा वर्षांची कोरीन, आमची कोरी. आमच्या शेजारीच राहायचे, कुंपणाला कुंपण लागून. कोरीला आईचा चेहरा नीट आठवत नव्हता. बोलायची नाही पोर, पण मला कळायचं. म्हणून दर शनिवारी बाप-लेक डार्लाच्या व्हिडिओ कॅसेट लावून बसायचे. सगळ्या वर्नने स्वतः काढलेल्या. त्याला कॅमेऱ्याचं भारी वेड.

त्या नाताळात त्याने नवा टीव्ही घेतला. पिक्चर ट्यूबचाच, पण एचडी. पातळ टीव्ही यायला लागले होते, म्हणून दुकानदार हे ट्यूबवाले धोंडे मिळेल त्या भावात काढून टाकत होते. तो घरात आणताना आमच्या ह्यांची कंबर जी धरली, ती आजतागायत सुटलेली नाही.

"वर्न, यात टीव्हीच आहे ना रे? की सासूला खोक्यात भरून आणलंस?" आमचे हे धापा टाकत म्हणाले.

वर्नची सासू म्हणजे माझी आई. हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग बिचारे दिवसभर माझ्याशी फार गोड वागले.

चित्र मात्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? आणखी एक गोष्ट चांगली झाली. जुना टीव्ही लावला की बारीक शिट्टी वाजायची. ती लहान मुलांनाच ऐकू जाते म्हणे. कोरी कानावर हात ठेवायची. नव्या टीव्हीला ती शिट्टी नव्हतीच.

पण स्वस्तातला माल. चित्र एका बाजूला कललेलं. सरळ रेषा मधोमध पोट सुटल्यासारखी. आणि चारही कडा खाल्लेल्या. ट्यूबचे सगळेच टीव्ही चित्राची थोडी कड चौकटीआड लपवतात, पण हा जरा जास्तच खादाड होता. फुटबॉल लावला की स्कोअरचा अर्धा आकडा गायब.

वर्नला चैन पडेना.

इंटरनेटवर अशा टीव्हीवाल्यांचा एक अड्डा होता. तिथे त्याला कळलं की रिमोटची ठरावीक बटणं ठरावीक क्रमाने दाबली, की मेकॅनिकसाठीचा छुपा मेनू उघडतो. चित्र सरळ करा, लहान करा, मोठं करा, काय हवं ते करा. फक्त एक गोष्ट तिथे जो तो बजावत होता. हात लावायच्या आधी मूळचे आकडे लिहून घ्या. प्रत्येक टीव्हीचे वेगळे असतात. एकदा गेले की गेले.

"लिहून घेतलेस ना रे?" मी विचारलं.

"डोक्यात आहेत गं सगळे, लॉर्ना."

डोक्यात! चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस हा.

तर त्या शनिवारी दुपारी तो टीव्हीसमोर मांडी ठोकून बसला. कोरी मागे सोफ्यावर, मांडीवर पिरोगीची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, ताटली. त्याने डार्लाची तळ्याकाठची कॅसेट लावली. ती त्याला तोंडपाठ होती, म्हणजे चित्रात काय बिघडलं आणि काय सुधारलं ते लगेच कळणार.

चित्र सरळ झालं. पोट आत गेलं. मग तो रुंदीचा आकडा कमी करत गेला. एकेक घर... चित्र आतल्या बाजूला सरकायला लागलं. आजवर लपलेल्या कडा हळूहळू बाहेर आल्या. उजवीकडे कुणाची तरी होडी. अरेच्चा, ही इथे होती होय! वर्न खूश.

मग डावी कड उघडी पडली...

तिथे एक बाही होती.

तपकिरी, जाड लोकरीच्या कोटाची बाही. खाली लोंबणारा हात. बस्, तेवढंच.

जुलैतलं तळं. डार्ला पोहण्याच्या कपड्यांत हसत उभी. आणि तिच्यापासून दहाएक हात लांब, कोट घालून कोणीतरी उभं.

"पप्पा, शिट्टी वाजतेय." मागून कोरी म्हणाली.

वर्नला काहीच ऐकू येत नव्हतं.

असेल कुणीतरी येणारं-जाणारं, असं तो स्वतःलाच म्हणाला. पण कॅमेरा डार्लाबरोबर फिरला, अगदी अर्ध्या तळ्याला वळसा घालून... आणि बाही तिथेच. डाव्या कडेला. तेवढ्याच अंतरावर.

त्याने कॅसेट काढली. फुटबॉल लावला. कड स्वच्छ. स्कोअर पूर्ण दिसत होता. म्हणजे टीव्हीत दोष नव्हता.

"शिट्टी थांबली," कोरी म्हणाली.

त्याने दुसरी कॅसेट लावली. कोरीचा बाप्तिस्मा. चर्चच्या पायऱ्या, डार्लाच्या कुशीत बाळ.

बाही होती... आता चारेक हातांवर.

कोरीने कानांवर हात ठेवले.

वर्नने कॅसेट थांबवली. "कोरी बाळा, जरा लॉर्ना मावशीकडे जातेस? मी येतोच." तिला कोट-टोपी चढवून त्याने कुंपणाच्या फाटकातून माझ्याकडे पाठवलं. मला वाटलं, बापाला डार्लाची आठवण येऊन रडायचं असेल. मी काही विचारलं नाही.

इकडे त्याने तिसरी कॅसेट घातली. डार्लाचा शेवटचा नाताळ. तेव्हा तिला काही झालेलं नव्हतं. म्हणजे आम्हाला तरी तसंच वाटत होतं. ती झाडाशेजारी बसून कोरीचं खेळणं उघडत होती. त्या खोलीत आम्ही पाच माणसं होतो. सगळीच्या सगळी घरातली.

कोटाची बाही डार्लाच्या अगदी मागे होती.

आणि हात तिच्या खांद्यावर. लांबट, पांढरी बोटं. जुनी मैत्रीण ठेवते तसा, सहज ठेवलेला हात.

त्यानंतरच्या वसंतातच डार्ला गेली.

मग वर्नला आठवलं. एक कॅसेट राहिली होती... कोरीच्या सहाव्या वाढदिवसाची. नुकतीच, ऑक्टोबरमधली.

लावायची हिंमत होईना. न लावता राहवेना. "ती बाही कोरीच्या शेजारी असती ना लॉर्ना, तर मी तिथेच वेडा झालो असतो," तो मला म्हणाला.

त्याने लावली.

कोरी केक कापतेय. टाळ्या. डावी कड... रिकामी. कोरी टेबलाभोवती पळतेय. रिकामी. कोरी आमच्या ह्यांच्या पाठीवर. रिकामी. वर्न हुंदके देऊन रडायला लागला. देवा, पोर वाचली माझी!

तेवढ्यात चित्र हललं. माझा आवाज आला. "आण इकडे कॅमेरा. तू कधी दिसायचास मग?"

हो. कॅमेरा मी घेतला होता. आणि त्याच्याकडे वळवला होता.

वर्न हसतोय, बोटाला केकचं क्रीम लागलंय...

आणि डाव्या कडेला, लांब, तपकिरी बाही.

ती कोरीसाठी आली नव्हती.

मला काही झालं तर या पोरीचं कोण? आधी आई, आता बाप. तेव्हा त्याच्या डोक्यात एवढं एकच होतं. आणि मग त्याने जे केलं ते कुणीही केलं असतं. रिमोट उचलला आणि आकडा परत वाढवायला लागला. चित्र मोठं होऊ दे. कड पुन्हा चौकटीआड जाऊ दे. दिसायलाच नको ते.

चित्र वाढलं. खुर्चीसारख्या कडेच्या वस्तू एकेक करून चौकटीने गिळल्या.

बाही नाही गिळली.

ती कडेलाच राहिली. चित्र एक घर वाढलं, की ती एक घर आत. वर्नच्या जवळ. आणखी एक घर... आणखी जवळ.

त्याने रिमोट टाकून दिला.

मूळचा आकडा काय होता? आठवेना. जिथे ती दिसत नव्हती, तो आकडा कोणता? तो कागदावर असता तर... पण कागदच नव्हता. आकडा मागे घ्यावा, तरी ती जिथवर आली होती तिथेच. त्याने भिंतीतून वायर उपटली. टीव्हीच्या काचेवर बराच वेळ बारीक चरचर चालू होती, असं तो सांगतो.

रात्री त्याने आणि आमच्या ह्यांनी तो धोंडा तळघरात नेऊन ठेवला. ह्यांना कारण सांगितलं नाही. आजही तो तिथेच आहे, जुन्या चादरीखाली.

त्यानंतर वर्न कधी व्हिडिओत आला नाही. फोटोला उभा राहायचा. व्हिडिओ म्हटलं की पसार. कोरीच्या शाळेत, पदवीच्या समारंभात, सगळीकडे कॅमेरा याच्याच हातात. कोरी चिडायची. "पप्पा, तुम्ही उद्या नसलात तर मी काय बघायचं?" तो पुन्हा कॅमेऱ्यात डोकं घालायचा.

पण पोरगी वाढवली हो त्याने. एकोणीस वर्षं. एकट्याने.

गेल्या महिन्यात कोरीचं लग्न झालं. आमच्याकडे लग्नात नवरी बापाबरोबर एक नाच करते. आईविना वाढलेली लेक. बाप नाही कसं म्हणणार?

"नाचतो मी," तो मला म्हणाला. "व्हिडिओ तू काढ. तिच्याजवळ एक तरी असू दे माझा. आता तिचं कुणीतरी आहे."

मी काढला. फोनवर. माझे डोळे सबंध वेळ डाव्या कडेवर. काही दिसलं नाही. देवाशप्पथ सांगते, काही दिसलं नाही. पण माझा फोन एवढासा आणि डोळे पाण्याने भरलेले.

आज सकाळी कोरीचा फोन आला. नव्या घरातल्या भिंतीएवढ्या टीव्हीवर तिने तो व्हिडिओ लावला होता. हे नवे टीव्ही कड लपवत नाहीत.

"मावशी, पप्पा काय देखणे दिसतायत गं! पण ती शिट्टी कसली वाजतेय सारखी?"

"शिट्टी? मला नाही ऐकू आली."

"तुला कशी येणार आता या वयात! आणि ती बाई कोण गं? एवढ्या उकाड्यात कोट घालून? पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहे... मी नाही ओळखत तिला."

मी खिडकीतून कुंपणापलीकडे पाहिलं.

"मुलाकडची असेल कोणीतरी," मी म्हटलं.

"हो गं, असेल," ती म्हणाली, आणि हसून फोन ठेवला.

वर्नला मी सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

तो कुंपणापलीकडे त्याचं गवत कापतोय. मशीनची घरघर मला इथे, स्वयंपाकघरात ऐकू येतेय. मी सकाळपासून खिडकी लावलेली नाही. रेडिओ लावला नाही. ह्यांनाही बोलू देत नाही.

घरघर चालू आहे...

अजून चालू आहे.