गार बंब आणि दुपट्याला भोक

"आजही ठिणगी उडाली!" दिनानाथकाका बाळाचं दुपटं नाचवत ओरडले. दुपट्याला रुपयाएवढं काळं भोक! तीन दिवसांतलं हे तिसरं.

कामाला येणारी वेणूबाई बंबाजवळ उभी होती. नीलिमाच्या आत्याच्या वीस दिवसांच्या बाळासाठी अंगणातला पाण्याचा बंब रोज तीच पेटवायची.

"माई, झाकण लावल्याबिगर मी हलत नाय," ती रडवेली होऊन आजीला म्हणाली.

"उद्या पुन्हा भोक पडलं, तर परवापासून येऊ नकोस. बाळाच्या जिवाशी खेळ नको," आजी ठामपणे म्हणाली.

बारा वर्षांची नीलिमा भोक निरखत होती. "मधू, ठिणगीने इतकं गोल जळतं?"

"बंबच पेटवला नाही तर कळेल!" तिचा धाकटा भाऊ म्हणाला.

"आणि पाणी?"

"उन्हात तापवू! अंबरनाथचं मे महिन्यातलं ऊन आहे, ताई!"

मधू उल्हासनगरच्या सिंधी दुकानातून चहाचं रिकामं खोकं घेऊन आला. आतला चंदेरी कागद सोलून, ऊन आत वळावं म्हणून दोघांनी उघड्या झाकणाला चिकटवला. खोक्यात भुसा ठासला, काजळीने काळं केलेलं तपेलं त्यात बसवलं आणि वर जुन्या तसबिरीची काच ठेवली.

"बाराला पाणी कोमट निघालं, तर मला हाक मारा!" काका हसले.

दुसऱ्या दिवशी बंब थंडगार. आठ वाजताच खोकं उन्हात मांडलं. दोरीवर दुपटी वाळत होती. साडेनऊला मधूने नाक वर केलं.

"ताई, जळकट वास!"

दुपट्यातून धूर! मधूने हात लावला. "आई गं!" त्याच्या तळव्यावर झगझगीत ठिपका होता.

नीलिमाने मागे वळून पाहिलं. ओटीच्या खांबावर काकांचा दाढीचा आरसा लखलखत होता. चेहरा मोठा दाखवणारा, खोलगट, अगदी नवा!

"काका, लवकर या! हात इथे धरा."

"कशाला? ओय ओय!" काका टुणकन उडाले.

"बंब गार आहे, काका. ठिणगी तुमच्या आरशातून उडते!"

काकांनी आरसा उतरवून पालथा ठेवला. "वेणूबाई, चूक माझी. उगाच तुम्हाला बोललो."

बाराला नीलिमाने काच उचलली. वाफ! काकांनी पाण्यात बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं.

"शाबास रे पोरांनो!" आजी म्हणाली. "डोळे उघडे ठेवलेत म्हणून बाळ वाचलं, आणि माझ्या हातून अन्यायही टळला."

वेणूबाई अजून दाराशीच उभी होती. "मग उद्यापासून येऊ ना मी, माई?"

"उद्याचं काय विचारतेस? पदर खोच! बाळाची अंघोळ खोळंबली आहे."