हिरवं लुगडं, उसाचा बांध

पाटाकडेला जीप थांबली, तेव्हा विजयमाला एका पायावर उभी होती. दुसरा पाय सायकलच्या पायडलवर... आणि साडीचा काठ चेनीत.

"ओढू नका! फाटंल की," जीपमधून उतरत तो म्हणाला.

"फाटू दे मेली!"

तो खाली बसला. पायडल उलटं फिरवत, बोटांना रुमाल गुंडाळून, त्यानं हळूहळू काठ सोडवला. मान मात्र वर केली नाही. तिची पोटरी उघडी पडली होती, हे त्याला कळलं होतं... आणि त्याला कळलंय, हे तिला.

नानासो त्याचं नाव. एकाहत्तरच्या लढाईनंतर फौज सोडून साताऱ्याकडून आलेला, साखर कारखान्याचा नवा जीपवाला. ती त्याच कारखान्याच्या शेतकी खात्यातली. शेतकी शिकलेली, सांगलीकडच्या गावांतून बांधाबांधानं ऊस बघत हिंडणारी.

दुसऱ्या दिवशी ती आली ती आईचं हिरवं नऊवारी नेसून. कासोटा घट्ट, सायकल वाऱ्यावर! जीपला करकचून ब्रेक लागला.

"आज काय अडकलं न्हाई?"

"न्हाई. तुमचं काय अडकलं, गाडी थांबवलीत ती?"

नानासोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

उसाला तुरे आले. पाटाकडची वाट लांबची, तरी जीप तिथूनच जाऊ लागली. शेजारच्या रानात भांगलणाऱ्या बाया तिला बघून गायच्या –

हिरवं लुगडं, हिरवी उसाची गं पात
लेक निघाली बांधानं, वारा धरी तिचा हात

...आणि जीपकडं बघून खिदळायच्या.

हापिसात मात्र लुगडं खुपलं. "आली बघा धुणीभांडीवाली," कारकून कुजबुजायचे. एकदा शेतकी साहेबांनी पाहुण्यांसमोर न बघताच तिच्या हातात रिकामे कप दिले, "ए बाई, हे ने." चूक कळली आणि ते तिच्यावरच भडकले.

"उद्यापासून गोल साडी! नाहीतर बांधावर जायचं बंद, टेबलावर बसायचं."

बांध बंद! दाराशी उभ्या नानासोनं तोंड उघडलं... तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्यानं ते मिटलं.

"साहेब, गोल साडीत मी पाटात पडले, चेनीत अडकले, तेव्हा कुणी बोललं नाही," ती म्हणाली. "आता पडत नाही, तर सगळ्यांना दिसायला लागले. काम चुकलं तर खुशाल काढा. लुगड्यासाठी बांध बंद करायचा, तर तसं लिहून द्या."

साहेबांनी चष्मा पुसला. मग तिच्या हातातले कप स्वतःच काढून घेतले.

"जा, विजयमालाबाई... ऊन चढायच्या आत जाऊन या."

बाहेर गुऱ्हाळाचा गोड वास सुटला होता.

"माझी जीभ दुखतीया," नानासो म्हणाला. "दाताखाली धरली होती न्हवं."

"म्हणून तर..."

"म्हणून तर काय?"

"काय न्हाई!"

तो घुटमळला. "आई सोयरीक बघतीया माझ्यासाठी. तिला सांगायच्या आधी... तुमाला विचारतो."

तिनं हँडल घट्ट धरलं. "तुमच्याकडं सुना डोक्यावरनं पदर घेत्यात ना?"

"सगळ्या घेत्यात."

"मी न्हाई घेतला तर?"

नानासो खरोखर विचारात पडला. "आई दोन दिस बोलायची न्हाई."

"आन् तुमी?"

"मी... त्या दोन दिसांत तिच्या वाटणीचंबी तुमच्यासंगं बोलीन."

तिला हसू आवरेना.

"मग या रविवारी," ती म्हणाली, "आईला घेऊन."